सरकार जामीन

वडिलांच्या, आबांच्या वर्षश्राद्धाला अप्पा बारामतीहून सांगवीला आला तो तोंडाला कुलूप घालूनच. काल दिवेलागणीला एसटीतून उतरला, पाय धुतले, आणि द्वारकाबाईंनी "ब्यांक काय म्हनती?" असं विचारलं तर "चाललंय" एवढंच बोलला. चाललंय म्हणजे काय? वरातही चालते आणि तिरडीही चालते.

धाकट्या भावाचं हे मौन द्वारकाबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. लहानपणी दुसऱ्याच्या बांधावरच्या कैऱ्या पाडून आला की तो असाच दोन दिवस शहाण्यासारखा वागायचा. न सांगता पाणी भरायचा, ताटात पडेल ते खायचा. आता तो चाळिशी ओलांडलेला, बारामतीच्या कालवाकाठ शेतकरी बँकेचा चेअरमन. पण आज सकाळी उठल्या उठल्या त्यानं हौद भरून ठेवला होता आणि ते पाहून द्वारकाबाईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

भानगड काय ती त्यांना अर्धीमुर्धीच कळली होती. पुण्यातल्या कुठल्याशा मोठ्या बँकेनं दाराला कुलूप लावलं, आणि अप्पाच्या बँकेचा पैसा त्या बँकेत होता. ही बातमी फुटली तशी बारामतीत ठेवी काढायला रांग लागली. रांगेत अजून सांगवीचं माणूस नव्हतं, कारण चेअरमन सांगवीचा. पण आज रविवार, उद्या बँक उघडणार. उद्या सांगवी जाऊन रांगेत उभी राहिली की बँक बसली, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही समजत होतं.

आणि खरं सांगायचं तर सांगवीनं पैसे टाकले होते ते अप्पाकडे बघून नव्हेच. बँक निघाली तेव्हा गावातली पहिली ठेव द्वारकाबाईंनी ठेवली होती, त्यांच्या पेरूच्या बागेची कमाई. "अक्का ठिवती म्हंजी काय तरी इचार करूनच ठिवत आसंल," म्हणून मग बायाबापड्यांनी लुगड्याच्या गाठी सोडल्या. विचारबिचार अक्कांनी काही केला नव्हता. भाऊ म्हणाला, त्यांनी ठेवले.

खिरीसाठी गूळ चिरता चिरता त्यांनी अप्पाला चुलीपाशी गाठला.

"अप्पा, मला एक सांग. मी पैसं बारामतीत दिलं हुतं. ते पुन्याला कशाला ग्येलं?"

"अक्का, ब्यांकेत पैसं पेटीत घालून ठिवत न्हाईत. फिरतं ठिवावं लागत्यात. आपल्या ब्यांकेनं मोठ्या ब्यांकेत ठिवलं."

"आन् मोठीनं?"

"तिनं आनिक कुनाला दिलं."

"म्हंजी माझं पैसं आत्ता कुनाकडं हायेत, ते तुला बी ठावं न्हाय."

अप्पानं उपरण्यानं मान पुसली. वैशाखाचे दिवस, त्यात चुलीची धग. "असं बग. वर कालव्याचं फाटक बंद झालं की आपल्या चारीला पानी येत न्हाय. म्हनून काय धरान आटलं का? पानी हाय. फकस्त फाटक बंद हाय."

"धरनात पानी हाय, ते तू बगून आलास?"

अप्पा उठून बाहेर गेला. पत्रावळी मोजायच्या आहेत म्हणाला. त्या कालच मोजून झाल्या होत्या.

तो गेला तशी त्याची बायको छबूबाई जवळ सरकली. इतका वेळ ती वडे तळत होती आणि तिनं एक अक्षर ऐकलेलं नाही असा तिचा चेहरा होता. "वन्सं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी तरी ह्यास्नी सांगा. उद्या दार उघडायच्या आदी आपल्या घरापुरतं काढून आना म्हनावं. किल्ली चेरमनच्या हातात असती."

"आन् बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं बाकीचं बगतील. तुमचं बी आणू की. मी काय माझ्या एकटीचं म्हनती व्हय?"

द्वारकाबाई पुन्हा गूळ चिरू लागल्या. राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट क्षणभर बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याची मग लाज वाटली. कढईतला वडा करपला तरी दोघींचं लक्ष नव्हतं.

मधला भाऊ रावजी भवानीनगरहून सकाळच्या गाडीनं आला. साखर कारखान्यात तो काट्यावर होता, ऊस वजन करून घ्यायच्या कामाला. त्यामुळे जग आपल्याला वजनात फसवायलाच टपलंय अशी त्याची पक्की समजूत झाली होती. बँकेत त्यानं कधी छदाम ठेवला नाही. आल्या आल्या त्यानं आबांच्या फोटोला हात जोडले आणि अप्पाकडे वळून म्हणाला, "मी तवाच म्हनलो हुतो."

"दादा, आज नगं," अप्पा म्हणाला.

"आज नगं, उद्या नगं. पर मी तवाच म्हनलो हुतो."

या वाक्यावर रावजीला आणखी दहा वर्षं सहज काढता आली असती. पण तेवढ्यात पहिली पंगत बसली. भावकी, शेजारपाजार, आबांचे जुने सोबती. बारामतीहून चाँदभाई बागवान आले होते. द्वारकाबाईंचा पेरू वीस वर्षं तेच उचलत, आणि आबा गेले तेव्हा खांदा द्यायला घरच्यासारखे धावले होते. लेक शमशादच्या लग्नासाठी साठवलेला पैसा त्यांनीही कालवाकाठ बँकेतच ठेवला होता. पण आल्यापासून त्यांनी बँकेचं नाव काढलं नव्हतं. श्राद्धाच्या घरी काय बोलू नये ते त्यांना कळत होतं.

खीर वाढून झाली, आमटी फिरत होती, आणि गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली.

गेणू कोतवाल दवंडी देत होता. त्याचा आवाज एवढा खणखणीत, की नदीपलीकडची गुरंसुद्धा कान टवकारत.

"ऐका हो ऐका! समद्या गावकऱ्यांस्नी कळवन्यात येतंय, की बारामतीच्या कालवाकाठ ब्यांकेतल्या समद्या ठेवी..." ढमढम ढमढम! "...सरकारनं घेतल्या होऽऽ!"

पंगतीत हात जागच्या जागी थांबले. कुणीतरी विचारलं, "काय म्हनला त्यो?" आणि कुणीतरी सांगितलं, "सरकारनं घेतल्या. सरकारजमा झाल्या." मग एक जण पानावरून उठला, त्याच्यामागं दुसरा, आणि बघता बघता अर्धी पंगत उभी. श्राद्धाच्या पानावरून उठणं म्हणजे पितराला उपाशी लावून देणं. द्वारकाबाई हातात पळी घेऊन दारात उभ्या होत्या. काय ओरडावं तेच त्यांना सुचेना. आबांसाठी ओरडावं की आपल्या पैशासाठी?

अप्पा अनवाणी पळाला आणि गेणूला मनगटाला धरून अंगणात घेऊन आला.

"काय बोललास रं तू?"

"कागदात हाय त्येच बोललो चेरमनसायब. मामलेदार कचेरीतनं आलाय."

अप्पानं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला. "ठेवीदारांच्या ठेवींची हमी सरकारने घेतली आहे. हमी घेतली! ठेवी न्हाय घेतल्या, ठेवींची हमी घेतली!"

"त्यो हमी शबूद लई बारका," गेणू कानकोंडा होऊन म्हणाला. "हलगीत बुडाला."

लोकांच्या जिवात जीव आला. पण पुरता नाही. पलीकडच्या आळीची म्हातारी कुशाबाई काठी टेकत पुढं झाली. "पर हमी म्हंजी काय रं बाबा?"

आणि इथंच अप्पा चुकला. पुण्याला शिकलेला माणूस. त्यानं भरवसा म्हणावं, शब्द म्हणावं, काहीही म्हणावं. पण घाईत त्याच्या तोंडून निघून गेलं, "हमी म्हंजी जामीन. सरकार ब्यांकेला जामीन ऱ्हायलंय."

छबूबाईनं हातातलं आमटीचं भांडं खाली ठेवलं.

कारण हा शब्द या घरात उच्चारत नसत. तीस वर्षांपूर्वी आबा आपल्या चुलतभावाला मारामारीच्या खटल्यात जामीन राहिले, आणि तो तारखेला आलाच नाही. कुठं परागंदा झाला ते आजवर कुणाला कळलं नाही. आबांना भरणा करावा लागला आणि नदीकाठचं मळईचं रान गेलं. तेव्हापासून त्या शब्दाशी घराचं इतकं वाकडं, की जमीन म्हणतानाही जीभ घसरू नये म्हणून सगळे 'रान' म्हणत. मुलं शाळेत जाऊन 'रान-महसूल' लिहून मास्तरांचा मार खाऊन आली होती.

"जामीन!" रावजीला तर जणू घबाडच गावलं. "ऐकलं का? कचेरीत जामीन कुनाला मागत्यात? ज्यानं काय तरी क्येलंय, त्याला. निकोप मानसाला कशाला लागतोय जामीन?"

"म्हंजी?" कुशाबाईनं डोळे बारीक केले. "चेरमनला धरलं हुतं का काय?"

"धरलं हुतं आन् सरकारनं जामिनावर सोडलंय," मागून कुणीतरी तर्क लढवला. "म्हनूनच काल गप गप आला."

"अवं आयाबापांनो, मला कुनी धरलं न्हाय!" अप्पा कळवळून म्हणाला. "सरकार ब्यांकेच्या बाजूनं उभं हाय. तुमचं पैसं बुडालं तर सरकार देनार. कागदावर शिक्का हाय, बगा."

"कंचं सरकार?" रावजी थांबायला तयार नव्हता. "ह्येच का, ज्येनं परवा आणा मोडला आन् नवं पैसं काडलं? चार आन्याचं पंचवीस झालं, आन् दोन आन्याचं किती त्ये अजून मामलेदाराला बी सांगता येईना. आन् आज हाय ह्ये गुजरातसंगट. उद्या संयुक्त महाराष्ट्र झाला म्हंजी जामीन कोन? हिकडचं सरकार का तिकडचं? चुलता तारखेला आला न्हाय, त्यो एक मानूस हुता. हितं सरकारच परागंदा झालं तर कुठं हुडकायचं?"

लोक हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता. दोघं-चौघं पायात वहाणा घालू लागले. संध्याकाळच्या गाडीनं बारामती गाठायची, रात्री कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचं आणि सकाळी रांगेत पहिला नंबर धरायचा, असं काहीतरी आपसात चाललं होतं. अप्पा कागद हातात धरून एकेकाकडे बघत राहिला. 

तेव्हा चाँदभाई उठले. पानावरून नव्हे, त्यांनी आधी हात धुतले, मग उठले.

"चेरमन, एक इचारू? त्या कागदात कवा देनार, त्ये लिवलंय का?"

एवढंच ते बोलले, पण रावजी एकदम फिरला. घटकेपूर्वी भावाला टोचणारा हा माणूस भावापुढं जाऊन उभा राहिला. "चाँदभाई, आमच्या बापाच्या श्राद्धाला येऊन आमच्या भावाला उलटतपासणी लावता व्हय? आमी भांडू न्हायतर काय बी करू. तुमी भायेरचं."

द्वारकाबाईंना काही कळेना. आत्ता याच रावजीनं अप्पाला चोर ठरवला होता. छबूबाई, जिला सकाळी गुपचूप पैसे काढून हवे होते, ती आता पदर खोचून लोकांना "बसा, बसा, काय बी झालं न्हाय," म्हणत होती. कोण कुणाच्या बाजूला, ते घटकेत बदलत होतं.

"रावजीराव, मी कुनाला चोर म्हनलो न्हाय," चाँदभाई शांतपणे म्हणाले. "पर मी सरकार कदी बगितलं न्हाय. मामलेदार बगितला, त्यो दोन सालाला बदलतो. म्या अक्काला बगितलंय. वीस साल पाटी उचलतोय, वर चांगला पेरू आन् खाली किडका, असं अक्कानं एक डाव बी क्येलं न्हाय." ते दाराकडे वळले. "अक्का, सरकार ऱ्हाऊ द्या. तुमी जामीन ऱ्हाता का? तुमी हो म्हना, मी उद्या दुकानात बसतो. रांगेत जात न्हाय."

सगळं अंगण द्वारकाबाईंकडे बघू लागलं. वहाणा घातलेलेही थांबले.

त्यांनी अप्पाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. बँकेत पैसे आहेत की नाहीत, त्यांना ठाऊक नव्हतं. पुण्याच्या त्या बँकेनं ते कुणाला दिले, ठाऊक नव्हतं. सरकार म्हणजे मुंबईत बसलेला एखादा माणूस की पुष्कळ माणसं, तेही त्यांना कधी नीट उमगलं नव्हतं. ठाऊक होतं ते एकच. मळईचं रान गेलं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. इंदापूरच्या एका चांगल्या घरी लग्न ठरत आलं होतं, ते रानाबरोबर गेलं, आणि मोरगावच्या जिरायतीत एका बिजवराला त्यांना दिलं. दोन वर्षांत कपाळ पांढरं करून परत आल्या. आबा शेवटपर्यंत त्यांच्या नजरेला नजर देत नसत. पेरूची बाग आबांनी त्यांच्या नावावर केली ती त्यापायीच.

आता नाही म्हणावं तर भाऊ उघडा पडतो. हो म्हणावं तर बाग जाते. गेली तर या वयात भाकरी कुणाच्या दारात खायची? त्यांना मनापासून भीती वाटली. आणि त्या भीतीतच, का ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं, त्या उंबरा ओलांडून अंगणात आल्या.

"ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "मी जामीन."

आवाज चिरका निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "सरकारचं सरकार बगंल. ज्याचं बुडंल त्यानं माझ्या दारात यावं. बाग हाय, मी हाय. म्या कुटं परागंदा हुनार न्हाय."

 कुशाबाईनं काठी भिंतीला टेकवली आणि ती पुन्हा आपल्या पानावर जाऊन बसली. मग वहाणा निघाल्या. चाँदभाईंनी कपाळाशी हात नेऊन अक्कांना सलाम केला आणि तेही बसले. गेणूनं कडेला पान मागून घेतलं. खीर निवून गेली होती, लोकांनी ती निवलेलीच खाल्ली. रावजीच वाढायला उठला आणि प्रत्येकाला आग्रह करकरून वाढू लागला, जसा काही सगळा गोंधळ दुसऱ्याच कुणीतरी घातला होता.

पहिली पंगत उठली तेव्हा अप्पा कुठं दिसेना. द्वारकाबाई परसात गेल्या. तो हौदाच्या कडेला बसला होता, सकाळी स्वतः भरलेल्या पाण्यात हात बुडवून.

"जेवला न्हाईस," त्या म्हणाल्या.

"भूक न्हाय."

त्या शेजारी टेकल्या. "आता हितं कुनी न्हाय. खरं सांग. पैसं हायेत का?"

अप्पानं पाण्यातून हात काढला. "म्हाईत न्हाय अक्का. खरंच म्हाईत न्हाय. पुन्याचं दार उघडलं तर हायेत. न्हायतर सरकार देनार म्हनतंय. कवा, त्ये कागदात न्हाय. किती, त्ये बी न्हाय. काल निगताना मी मामलेदाराला इचारलं हुतं, तर त्यो म्हनला वरनं कळंल."

"ह्ये सकाळी चुलीपाशी का न्हाय बोललास?"

"बोललो असतो," अप्पानं मान वर केली, त्याचे डोळे भरले होते, "तर तू उंबरा वलांडून आली असतीस?"

द्वारकाबाईंनी विचार केला. बँकेत पैसे ठेवताना जो केला नव्हता, तो आत्ता केला.

"आले असते रं," त्या म्हणाल्या. "आबा जामीन ऱ्हायलं तवा मला कुनी इचारलं न्हवतं, आन् समदं मी भरलं. आज वाटलं, ह्या खेपेला तरी माझं मी, समजून उमजून बोलले. पर खरं तू लपवलंस; त्येवढं बी तू मला ठिवलं न्हाईस."

आतून छबूबाईनं हाक मारली. दुसरी पंगत बसली होती.